डी ड्राइव्ह उघडत नाही? ‘फॉरमॅट’ दाबू नका, आधी हे वाचा

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि जुन्या पण धडधाकट कॉम्प्युटरवर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकून बघायचं अनेकांच्या मनात आलं. बहुतेक वेळा ते काम सुखरूप पार पडतं. कधी मात्र इन्स्टॉल चालू असतानाच लाईट जाते, कधी घाईत भलताच पर्याय निवडला जातो. मग विंडोज सुरू करून डी ड्राइव्हवर क्लिक केलं की एक खिडकी समोर येते: हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का?

तिथे ‘कॅन्सल’ दाबा. पुढचं सगळं त्या एका क्लिकवर अवलंबून आहे.

डिस्कच्या सुरुवातीला पार्टिशन टेबल नावाची छोटीशी नोंद असते. पार्टिशन म्हणजे डिस्कचा सी किंवा डीसारखा भाग, आणि सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटासा कप्पा. कोणतं पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून कुठल्या सेक्टरपर्यंत, एवढंच या नोंदीत लिहिलेलं असतं. सातबारा हरवला म्हणून शेत जागचं हलत नाही, तसंच इथे आहे. ही नोंद बिघडली तरी तुमचे फोटो, दाखले, हिशेबाच्या फाइली डिस्कवर जिथल्या तिथे असतात. जुन्या एमबीआर पद्धतीत चार पार्टिशनांची ही अख्खी नोंद ६४ बाइटांची असते, आणि ती डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये बसते. तेवढी खराब झाली की ९०० जीबी डेटा ‘गायब’ दिसतो. म्हणूनच तो परत मिळण्याची शक्यताही चांगली असते. अट एकच: त्या डिस्कवर नवीन काहीही लिहिलं जाता कामा नये.

हे करू नका

फॉरमॅट नको, ‘क्विक’ सुद्धा नको. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘इनिशियलाइझ डिस्क’ असं विचारलं तर तेही नको, कारण त्याने नवी कोरी नोंद लिहिली जाते. ‘बघू पुन्हा एकदा इन्स्टॉल करून’ हा मोहही टाळा. डेटा परत आणणारं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करू नका. सी ड्राइव्हवर उतरवलं तरी ते त्याच डिस्कवर लिहिलं जातं, आणि टेबल बिघडलेलं असताना सी कुठे संपतो आणि डी कुठे सुरू होतो हेच नक्की नसतं.

सर्वात जास्त नुकसान होतं ते ‘चेकडिस्क’ या आज्ञेने. ती दुरुस्तीची आज्ञा आहे असं सगळ्यांना माहीत असतं, म्हणून विश्वासाने चालवली जाते. पण पार्टिशनच्या हद्दी चुकलेल्या असताना दुरुस्तीचा पर्याय लावून ती चालवली, तर हद्दीबाहेर दिसणाऱ्या फाइली तिला ‘चुकीच्या’ वाटतात आणि त्यांच्या नोंदी ती साफ करते. हद्दी बरोबर झाल्यावर चेकडिस्कचा उपयोग आहे, त्याआधी नाही.

तुमच्याकडे एसएसडी असेल तर मशीन आत्ता बंद करा आणि बाकीचं मोबाईलवर वाचा. रिकाम्या झालेल्या जागेची माहिती ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडीला ‘ट्रिम’ नावाच्या आज्ञेने कळवते, आणि मग एसएसडी त्या जागेतला मजकूर आतल्या आत पुसून टाकते. विंडोजचं क्विक फॉरमॅट ट्रिम पाठवतं. लिनक्समध्ये ईएक्सटी४ (लिनक्सची फाइली मांडण्याची पद्धत) फॉरमॅट करतानाही तसं करण्याचा प्रयत्न आपोआप होतो. ट्रिम झालेल्या जागेतून घरच्या साधनांनी काही मिळत नाही. एसएसडीवर नुसतं टेबल बिघडलं असेल तर आशा आहे, डी फॉरमॅट झाला असेल तर जवळजवळ नाही. फिरणाऱ्या जुन्या हार्डडिस्कची गोष्ट वेगळी, तिथे वरून नवीन काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर टिकून राहतो.

खरंच पार्टिशन गेलंय का?

हे आधी तपासायचं, कारण ‘गेलं’ म्हणून येणाऱ्या अनेक तक्रारींत काहीच गेलेलं नसतं.

विंडोज सुरू होत नाही आणि थेट लिनक्सच उघडतं? कॉम्प्युटर चालू करताना बूट मेनूची कळ दाबा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. त्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ दिसला तर विंडोज जागेवर आहे. सुरुवातीला कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणारा, लिनक्ससोबत येणारा प्रोग्राम म्हणजे ग्रब. त्याच्या २.०६ या २०२१ मधल्या आवृत्तीपासून इतर ऑपरेटिंग सिस्टिम शोधणारा भाग मूळ मांडणीत बंद ठेवलेला असतो, त्यामुळे ग्रबच्या यादीत विंडोज नसणं ही साधी गोष्ट आहे. उलट प्रकारही होतो. विंडोजमधून लिनक्सचं पार्टिशन उडवलं की पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ येऊन थांबतं. तिथेही फक्त बूट करण्याची वाट मोडलेली असते, फाइली नव्हे.

लिनक्समधून डी उघडत नाही आणि ‘विंडोज हायबरनेटेड आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो? हा फास्ट स्टार्टअपचा परिणाम. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केलं तरी तो पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतो, आणि अशा अवस्थेत लिनक्स त्या पार्टिशनवर लिहायला नकार देतं. तो नकार तुमच्या भल्याचाच आहे. विंडोजमध्ये जाऊन ‘रीस्टार्ट’ करा, किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, आणि मग लिनक्समध्ये या.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही म्हणून कोणाच्या सांगण्यावरून बायोसमध्ये व्हीएमडी किंवा आरएसटी (इंटेलच्या, डिस्क हाताळण्याच्या मांडण्या) बंद केलं, आणि आता विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणतंय? बायोसमधली ती मांडणी पूर्ववत करा. डिस्कला धक्का लागलेला नाही.

चौथी शक्यता बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, आणि ती नीट समजून घ्या. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क एन्क्रिप्शन बहुतेक मशीनवर आपोआप चालू होतं. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. नंतर सिक्युअर बूट (ओळखीचीच सिस्टिम सुरू होऊ देणारी मशीनची सोय) बंद केला किंवा बूटची मांडणी बदलली की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि लिनक्समधून पाहिलं तर ते पार्टिशन अनोळखी दिसतं किंवा त्यापुढे ‘बिटलॉकर’ असं लिहिलेलं असतं. याला पार्टिशन दुरुस्तीचं कोणतंही साधन चालत नाही, लागते ती फक्त की. दुसऱ्या मशीनवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, तिथे डिव्हाइसच्या यादीत ती बहुधा मिळते. ऑफिसचा किंवा कॉलेजचा लॅपटॉप असेल तर की त्यांच्या आयटी विभागाकडे असू शकते. की मिळेपर्यंत त्या डिस्कला हात लावू नका.

आणि शेवटची: डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन ‘हेल्दी’ दिसतं, पण त्याला अक्षरच नाही. मग उजवं क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर’ मधून अक्षर देऊन बघा. तो पर्यायच फिका दिसत असेल तर लिनक्सच्या एखाद्या साधनाने पार्टिशनचा ‘प्रकार’ बदललेला असतो. एमबीआर डिस्कवर एनटीएफएससाठी (विंडोजची फाइली मांडण्याची पद्धत) ०७ हा क्रमांक लागतो, लिनक्ससाठी ८३. तो बदलला की विंडोज त्या पार्टिशनकडे बघतच नाही. प्रकार पूर्ववत केला की ड्राइव्ह परत येतो.

यातलं काहीच लागू नाही, आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये डीच्या जागी ‘रॉ’ (आतली मांडणी ओळखता येत नाही) किंवा ‘अनअलोकेटेड’ (जागा कोणत्याच पार्टिशनची नाही) लिहिलंय? मग पुढे चला.

सामान जमवा

तीन गोष्टी लागतील. एक दुसरा चालू कॉम्प्युटर, एक पेन ड्राइव्ह, आणि एक एक्स्टर्नल हार्डडिस्क. तिच्यात बिघडलेल्या डिस्कच्या एकूण आकारापेक्षा जास्त मोकळी जागा हवी. भरलेली जागा नाही, एकूण आकार. ही डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट असावी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि आपल्याला शेकडो जीबीची एक फाइल बनवायची आहे.

पेन ड्राइव्हवर ‘सिस्टिमरेस्क्यू’ हे लिनक्स टाका. ते मोफत आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि टेस्टडिस्क, फोटोरेक, डीडीरेस्क्यू, जीडिस्क, जीपार्टेड ही लागणारी सगळी साधनं त्यात आधीच असतात. उबुंटू किंवा मिंटच्या पेन ड्राइव्हवरूनही काम होतं, पण टेस्टडिस्क इंटरनेटवरून उतरवून घ्यावं लागू शकतं. बिघडलेला कॉम्प्युटर या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. सिस्टिमरेस्क्यू काळ्या पडद्यावर येऊन थांबतं, तिथे ‘स्टार्टएक्स’ ही आज्ञा सलग, इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करून एंटर दाबा, म्हणजे नेहमीसारखा डेस्कटॉप मिळेल.

आता कोणती डिस्क कोणती ते ओळखा. टर्मिनल उघडून ‘एलएसबीएलके’ टाइप करा. साटा डिस्क ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशा नावांनी दिसतात, एनव्हीएमई एसएसडीचं नाव ‘एनव्हीएमई’ने सुरू होतं. पेन ड्राइव्ह आणि एक्स्टर्नल डिस्कही याच यादीत असतात, आणि ‘एसडीए’ म्हणजे आतलीच डिस्क असं गृहीत धरायचं नाही. आकारावरून ओळखा. दुकानात १ टीबी म्हणून विकलेली डिस्क इथे सुमारे ९३१ दिसते, ५०० जीबीची सुमारे ४६५. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ च्या, एवढाच फरक. कोणतं नाव कोणत्या डिस्कचं ते कागदावर लिहून ठेवा.

आधी अख्ख्या डिस्कची प्रत

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून गाळली जाते. माझा आग्रह आहे की गाळू नका. प्रत हाताशी असली की पुढे कितीही वेळा चुकता येतं.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा ती मध्येच दिसेनाशी होत असेल, तर इथेच थांबा. तो पार्टिशनचा नाही, यंत्राचा बिघाड आहे. चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाला नुकसान वाढतं. डेटा रिकव्हरीची खास प्रयोगशाळाच ते काम करू शकते. आवाज नसला तरी ‘स्मार्ट’ अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघा. त्यात ‘रीॲलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळी महत्त्वाच्या. दुसऱ्या ओळीत शून्याहून मोठा आकडा असेल तर डिस्कवरचे काही भाग वाचताच येत नाहीत, आणि मग प्रत घेणं सक्तीचंच समजा.

प्रत डीडीरेस्क्यूने घ्यायची. वाचता न येणाऱ्या जागी ते अडून बसत नाही, आधी सोपा भाग उचलतं आणि अवघड भागाकडे नंतर वळतं. आज्ञेनंतर तीन नावं याच क्रमाने द्यायची: बिघडलेली डिस्क, एक्स्टर्नल डिस्कवर बनणारी इमेज फाइल (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत), आणि तिथेच बनणारी मॅप फाइल. क्रम उलटा झाला तर तुमचा डेटा असलेली डिस्कच पुसली जाण्याचा धोका असतो, म्हणून एंटर दाबण्याआधी कागदावरचं नाव आणि पडद्यावरचं नाव बोट ठेवून जुळवा. मॅप फाइल कधीही वगळू नका. काय वाचून झालं आणि काय राहिलं याची नोंद तिच्यात असते, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की काम राहिल्या जागेपासून सुरू होतं. १ टीबीच्या धडधाकट हार्डडिस्कला तीन-चार तास सहज लागतात. आजारी डिस्कला दिवसही लागू शकतात.

एवढी मोठी डिस्क कुठूनच मिळत नसेल तर? मग पुढच्या पायरीत पार्टिशन सापडल्यावर टेबल लिहिण्याआधी महत्त्वाच्या फाइली बाहेर उतरवून घ्या. ते कसं, ते सांगतो.

टेस्टडिस्क: मुख्य काम

टेस्टडिस्क क्रिस्टोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. दिसायला जुनाट, माउस चालत नाही, सगळं बाणांच्या कळांनी आणि एंटरने. पण पडद्यावर लिहिलेलं वाचत गेलं तर फसगत होत नाही, कारण तुम्ही ‘राइट’ म्हणेपर्यंत ते डिस्कवर एक अक्षरही लिहीत नाही.

टर्मिनलमध्ये ‘टेस्टडिस्क’ टाइप करा. इमेज घेतली असेल तर त्याच ओळीत पुढे इमेज फाइलचं नाव द्या, म्हणजे सगळा सराव प्रतीवरच होईल. पहिल्या प्रश्नाला ‘क्रिएट’ निवडा, लॉग फाइल बनते. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या सिस्टिमवर ही फाइल बंद करताच नाहीशी होते, म्हणून शेवटी ती एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा. कोणाची मदत घ्यायची वेळ आली तर पहिल्यांदा तीच मागितली जाते.

मग डिस्कची यादी येते. आकार बघून निवडा.

पुढे टेबलाचा प्रकार विचारला जातो. अंदाजाने बरोबर वाटणारा प्रकार टेस्टडिस्क आधीच निवडून ठेवतं, पण डोळे मिटून एंटर मारू नका. यूईएफआय (बायोसची जागा घेतलेली नवी पद्धत) असलेल्या आणि विंडोज ८ किंवा त्यानंतरचं विंडोज आधीपासून घातलेल्या मशीनवर बहुधा ‘ईएफआय जीपीटी’, म्हणजे टेबलाची नवी पद्धत, असते, त्याआधीच्यांवर ‘इंटेल’, म्हणजे एमबीआर. जीपीटी डिस्कवर ‘इंटेल’ निवडून शेवटी टेबल लिहिलं तर एक बिघाड होता तिथे दोन होतात.

‘ॲनलाइझ’ निवडा. आत्ताचं, म्हणजे बिघडलेलं टेबल दिसेल. मोबाईलने फोटो काढून ठेवा. ‘इनव्हॅलिड एनटीएफएस बूट’ किंवा ‘बॅड स्ट्रक्चर’ असे शब्द दिसले तर घाबरू नका, आपण त्याच्याच मागावर आहोत. आता ‘क्विक सर्च’.

इथे काय होतं ते समजून घेतलं तर पुढचा निर्णय सोपा जातो. टेस्टडिस्क टेबलावर विश्वास ठेवत नाही, ते डिस्क चाळून प्रत्येक पार्टिशनची स्वतःची खूण शोधतं. एनटीएफएस पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमध्ये आपण किती सेक्टर लांब आहोत हे लिहिलेलं असतं, आणि त्या सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये असते. दोन टोकांच्या दोन खुणा मिळाल्या की मूळ हद्द हाती येते. इन्स्टॉल अर्ध्यात तुटून टेबलात डीचा शेवट आखडला गेला असेल, पण आतली एनटीएफएस अजून जुन्याच लांबीची असेल, तर विंडोज तिला ‘रॉ’ म्हणतं. टेस्टडिस्कला मात्र ती पूर्ण लांबीने दिसते.

सापडलेल्या पार्टिशनांची यादी आली की ज्या ओळीवर डी असावा असं वाटतं तिथे जाऊन इंग्रजी ‘पी’ दाबा. तुमचे ओळखीचे फोल्डर दिसले? लग्नाच्या अल्बमचा, दुकानाच्या जीएसटीचा, पोरांच्या शाळेचा? मग पार्टिशन सापडलं आणि हद्दही बरोबर आहे. टर्मिनलमध्ये देवनागरी नावं तुटक दिसू शकतात. तेवढ्यावरून फाइल खराब आहे असं समजू नका.

मोठी प्रत घेता आली नाही त्यांनी याच ठिकाणी फाइली उतरवून घ्यायच्या. इंग्रजी ‘ए’ दाबलं की सगळ्या निवडल्या जातात, अपूर्णविरामाच्या कळेने एकेक निवडता येते. मग मोठ्या लिपीतलं ‘सी’ दाबा, कुठे ठेवायचं ते विचारलं की एक्स्टर्नल डिस्कवरचा फोल्डर निवडा आणि पुन्हा मोठं ‘सी’. नुसत्या फाइली हव्या असतील आणि नंतर डिस्क कोरी करून सगळं पहिल्यापासून बसवायचं असेल, तर तुमचं काम इथेच झालं. टेबल दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडायची गरज नाही, आणि माझ्या मते नवख्या माणसासाठी हाच सर्वात सुरक्षित मार्ग आहे.

टेबल पूर्ववत करायचं असेल तर ‘क्यू’ दाबून यादीत परत या. यादीत एकमेकांवर चढलेली पार्टिशनंही असू शकतात: कारखान्यातून आलेली जुनी मांडणी, मधल्या काळातली, आणि काल अर्धवट बनलेलं लिनक्सचं. एकाच जागेवर दोन हक्क सांगणारी पार्टिशनं सोबत ठेवता येत नाहीत. डी परत हवा असेल तर अर्धवट लिनक्सवर पाणी सोडा. डाव्या-उजव्या बाणाने ओळीपुढचं अक्षर बदलतं. ‘डी’ म्हणजे काढून टाकलेलं, ‘पी’ म्हणजे प्रायमरी, ‘एल’ म्हणजे लॉजिकल, आणि तारा म्हणजे बूट होणारं. जीपीटी डिस्कवर ठेवायचं की काढायचं एवढाच प्रश्न असतो. जे पार्टिशन ‘पी’ दाबल्यावर फाइली दाखवतं ते ठेवा, जे दाखवत नाही ते काढा. विंडोजची लहान पार्टिशनं, विशेषतः काहीशे एमबीचं ईएफआय आणि रिकव्हरीचं, यादीत आहेत ना ते काढलेल्या फोटोशी ताडून बघा.

काही अपुरं वाटलं तर एंटर दाबून ‘डीपर सर्च’. याला तास लागतात आणि भुतासारखी जुनी पार्टिशनंही वर येतात, म्हणून आधी क्विक आणि गरज पडली तरच डीपर.

यादी पटली की ‘राइट’, मग ‘वाय’, आणि रीस्टार्ट. इमेजवर सराव केला असेल तर तीच पावलं आता मूळ डिस्कवर करायची.

पार्टिशन दिसतं, पण अजूनही ‘रॉ’

हद्दी बरोबर आहेत, तरी ड्राइव्ह उघडत नाही. मग पार्टिशनचा पहिला सेक्टर, म्हणजे बूट सेक्टर खराब असण्याची शक्यता आहे. टेस्टडिस्कमध्ये ‘ॲनलाइझ’ऐवजी ‘ॲडव्हान्स्ड’ निवडा, पार्टिशनवर जा आणि ‘बूट’. मूळ सेक्टर आणि त्याची प्रत या दोघांची अवस्था पडद्यावर दिसते. मूळ ‘बॅड’ आणि प्रत ‘ओके’ असेल तर ‘बॅकअप बीएस’ निवडा, शेवटची प्रत सुरुवातीला उतरवली जाते. त्याच ओळीतलं ‘ऑर्ग. बीएस’ नेमकं उलट करतं, खराब सेक्टर चांगल्या प्रतीवर लिहितं. दोन्ही खराब असतील तर ‘रीबिल्ड बीएस’, पण लिहिण्याआधी त्याच पडद्यावरच्या ‘लिस्ट’ने फाइली दिसतात का ते पाहायचं.

ईएक्सटी४ असलेल्या लिनक्स पार्टिशनचं असंच झालं असेल तर तिथे सुपरब्लॉकच्या, म्हणजे त्या पार्टिशनच्या मुख्य माहितीच्या नोंदीच्या, अनेक प्रती असतात. ४ केबीच्या ब्लॉकसाठी पहिली बहुधा ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर. टेस्टडिस्कच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘सुपरब्लॉक’ निवडलं की त्यांची यादी मिळते, आणि तो क्रमांक देऊन ‘ई२एफएससीके’ (ईएक्सटी४ तपासणारी आणि दुरुस्त करणारी आज्ञा) चालवता येतं. पहिल्यांदा ‘-एन’ लावून, म्हणजे काही न बदलता फक्त बघण्यासाठी.

इन्स्टॉलरची फाइल चुकून आतल्याच डिस्कवर लिहिली गेली

पेन ड्राइव्ह बनवताना आतली डिस्क निवडली जाणं हा नेहमी दिसणारा अपघात आहे. डिस्कच्या सुरुवातीचे पाच-सहा जीबी गेले, टेबलही गेलं. पण २०० जीबीच्या पुढे असलेल्या डीला काहीच झालेलं नसतं. शिवाय जीपीटी डिस्क असेल तर टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या सेक्टरांत शाबूत असते. इथे जीडिस्क कामाला येतं. डिस्कचं नाव देऊन ते सुरू केलं की मुख्य टेबल खराब आणि शेवटची प्रत चांगली आहे का ते ते स्वतः सांगतं. ‘आर’ दाबून दुरुस्तीच्या मेनूत जा, ‘बी’ने शेवटच्या प्रतीचा हेडर घ्या, ‘सी’ने पार्टिशनांची यादी. ‘पी’ दाबून यादी ओळखीची वाटते का ते बघा, आणि वाटली तरच ‘डब्ल्यू’ने लिहा. नाही वाटली तर ‘क्यू’, काहीही न बदलता बाहेर.

मात्र इन्स्टॉलरने नीट, रीतसर नवं टेबल लिहिलं असेल तर शेवटची प्रतही नवीच झालेली असते. तेव्हा जीडिस्कचा उपयोग नाही, टेस्टडिस्कच.

‘इरेज डिस्क’ निवडलं होतं

‘डिस्क पुसून लिनक्स बसवा’ हा पर्याय निवडला गेला आणि इन्स्टॉल पूर्णही झालं, तर परिस्थिती अवघड आहे, पण हार्डडिस्क असेल तर संपलेली नाही. नवं लिनक्स बहुतांशी डिस्कच्या सुरुवातीच्या भागात बसतं, म्हणजे जुन्या सी ड्राइव्हच्या जागेवर. एनटीएफएसची फाइलींची मुख्य यादी साधारणपणे पार्टिशनच्या सुरुवातीपासून ३ जीबीवर असते, त्यामुळे सीची यादी चिरडली गेलेली असण्याची भीती मोठी. डीची यादी डीच्या आत, बरीच पुढे असते. म्हणून डीपर सर्चने डी सापडू शकतो, काही फाइली खराब निघतील एवढंच. ईएक्सटी४ आपल्या नोंदी डिस्कभर पेरतं, त्या जिथे पडल्या तिथला जुना मजकूर गेला.

काहीच सापडलं नाही तर शेवटचं साधन फोटोरेक. ते पार्टिशन, फोल्डर, नावं काहीच बघत नाही. जेपीईजीची सुरुवात अशी असते, पीडीएफची तशी, या खुणांवरून फाइली उपसून काढतं. हजारो फाइली नावाशिवाय, क्रमांक लागून हाती येतात, आणि त्या चाळायला वेळ लागतो. फोटोंसाठी ते उत्तम काम करतं. वेगवेगळ्या ठिकाणी तुकडे होऊन पडलेल्या मोठ्या व्हिडिओंसाठी फारसं नाही. उपसलेल्या फाइली अर्थातच एक्स्टर्नल डिस्कवर.

एक प्रकार यातला सर्वात वाईट: जीपार्टेडमध्ये पार्टिशन डावीकडे सरकवताना मध्येच लाईट जाणं. तेव्हा अर्धा मजकूर नव्या जागी, अर्धा जुन्या जागी असतो, आणि टेस्टडिस्क दोन्हींपैकी एकच हद्द देऊ शकतं. प्रत घ्या, फोटोरेकने मिळेल ते वाचवा, आणि डेटा खरोखर मोलाचा असेल तर जाणकाराकडे न्या. कोपऱ्यावरच्या दुकानात ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणाले तर डिस्क घेऊन परत या.

ड्राइव्ह परत आल्यावर

आधी फाइली बाहेर कॉपी करा. काही मोठ्या फाइली उघडून बघा, व्हिडिओ मध्यापासून आणि शेवटाकडून चालवून बघा. फोल्डरची नावं दिसणं आणि आतला मजकूर धड असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यानंतर विंडोजमध्ये चेकडिस्क दुरुस्तीच्या पर्यायाशिवाय चालवा, ती फक्त वाचून अहवाल देते. प्रत सुरक्षित असेल तरच दुरुस्तीचा पर्याय.

लिनक्स पुन्हा बसवणार असाल तर जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच ‘श्रिंक’ करून मोकळी करा, फास्ट स्टार्टअप बंद करा, बिटलॉकरची की कागदावर उतरवा. एमबीआर डिस्कवर आधीच चार प्रायमरी पार्टिशनं असतील आणि विंडोज ‘डायनॅमिक डिस्क’ करायला विचारत असेल तर नाही म्हणा, लिनक्सचे इन्स्टॉलर त्यावर नीट चालत नाहीत. इन्स्टॉलरमध्ये आपोआप वाटणी करणारा पर्याय न घेता हाताने मोकळी जागा निवडा. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम पावसाळ्यातल्या वादळी संध्याकाळी काढू नका. आणि सुरू करण्याआधी ‘एफडिस्क -एल’ ही आज्ञा देऊन येणाऱ्या यादीचा मोबाईलवर फोटो घ्या: प्रत्येक पार्टिशनचा पहिला सेक्टर, शेवटचा सेक्टर आणि प्रकार. हे आकडे हाताशी असतील तर टेबल पुन्हा बिघडलं तरी शोधाशोध करावी लागत नाही, तेच आकडे टाकून ते नव्याने लिहिता येतं.